यादी पाठ आहे, पण उतारा उलगडत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. दहावीपर्यंत तुम्ही बारामतीला मराठी माध्यमात शिकलात, इंजिनिअरिंग पुण्यात झालं, आता मास्टर्ससाठी आयर्लंडला जायचं आहे. त्यासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा, आयेल्ट्स अकॅडमिक, दहा आठवड्यांवर आली आहे. कुणीतरी दिलेल्या पीडीएफमधल्या साडेतीन हजार अवघड शब्दांपैकी निम्मे अर्थासकट पाठ झालेत, तरी सराव पेपरांत रीडिंगचा बँड, म्हणजे श्रेणी, ६ वरून हलत नाही. हवा आहे ७. अजून शब्द पाठ करू का, मराठी माध्यमामुळे मागे पडतोय का, आणि वही ठेवू की अ‍ॅप वापरू, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' आहे. तिसऱ्याकडे सावकाश येते.

मी सदाशिव पेठेत बावीस वर्षं इंग्रजी वाचन शिकवते आहे, आणि सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी स्वतः मुलांना याद्याच देत होते. आठवड्याला पन्नास शब्द, शनिवारी परीक्षा. एक मुलगा दर शनिवारी अठ्ठेचाळीसच्या खाली कधी यायचा नाही. एकदा वर्गात समुद्राचं पाणी गोडं करण्याबद्दलचा उतारा सोडवत होतो. किनाऱ्यावरच्या गावांनी ही पद्धत का स्वीकारली नाही, असा प्रश्न होता. उताऱ्यात लिहिलं होतं की तिचा खर्च 'प्रोहिबिटिव्ह' होता. या मुलाचं उत्तर: सरकारने बंदी घातली म्हणून. मी चूक दाखवली तेव्हा त्याने वही उघडून माझ्यापुढे धरली. "मॅडम, प्रोहिबिट म्हणजे बंदी घालणे. तुम्हीच लिहून दिलंय." खरंच लिहून दिलं होतं, माझ्याच अक्षरात. शब्द त्याला येत होता, अर्थ बरोबर होता आणि उत्तर चुकलं होतं. खर्च प्रोहिबिटिव्ह असणं म्हणजे तो इतका आवाक्याबाहेर असणं की माणूस त्या वाटेला जातच नाही. तिथे बंदी कुणीही घातलेली नसते. हा अर्थ 'कॉस्ट' हा शब्द शेजारी बसला की उमटतो, आणि मी दिलेल्या यादीत शेजारी कुणी नव्हतंच. त्या मुलाची मेहनत माझ्या पद्धतीमुळे वाया गेली, याची बोच अजून आहे. त्यानंतर मी याद्या देणं थांबवलं.

आता आकडे बघू. रीडिंगला तीन उतारे, चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटं असतात. तिन्ही उतारे मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द होतात. बँड ६ ला चाळीसपैकी साधारण २३ उत्तरं बरोबर यावी लागतात, ७ ला साधारण ३०. म्हणजे तुमचं अंतर सात प्रश्नांचं आहे, साडेतीन हजार शब्दांचं मुळीच नाही. सातच प्रश्न आणायचे असतील, तर ते नेमके कुठे जातायत हे शोधायला हवं.

तुमच्या पीडीएफमधले शब्द मी ओळखते. 'लॅकॉनिक', 'ऑब्सिक्वियस', 'पुसिलॅनिमस' या घराण्यातले. सुंदर शब्द आहेत, पण मधमाश्यांच्या स्थलांतरावरच्या किंवा काचेच्या इतिहासावरच्या उताऱ्यात ते क्वचितच भेटतात. तिथे भेटतात 'सब्सिक्वेंट', 'यील्ड', 'डिराइव्ह', 'अकाउंट फॉर', 'दि एक्स्टेंट टू विच'. दिसायला साधे आहेत, म्हणून त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही.

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या विद्यापीठात अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचं अभ्यासपर लेखन चाळून २००० साली एक यादी प्रसिद्ध केली, अकॅडमिक वर्ड लिस्ट. तिच्यात फक्त ५७० शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) आहेत आणि कुठल्याही शाखेच्या लेखनातला साधारण दहावा हिस्सा ती व्यापतात. त्याआधी, १९५३ मध्ये, मायकेल वेस्ट यांची सुमारे दोन हजार रोजच्या शब्दांची यादी आली होती. हे वेस्ट ढाक्याला शिक्षणखात्यात होते आणि इंग्रजी परकी असलेल्या मुलांना वाचायला शिकवता शिकवता या कामाकडे वळले. कॉक्सहेड यांच्या मोजणीत दोन्ही मिळून अभ्यासपर मजकुराचा ८६ टक्के भाग झाकला जातो. उरतात विशेषनामं, त्या त्या विषयातल्या संज्ञा आणि थोडे विरळ शब्द. संज्ञेचा अर्थ लेखक बहुतेक वेळा शेजारच्या वाक्यातच सांगून टाकतो, फारच तांत्रिक असेल तर परीक्षक खाली टीप देतात.

मी याद्यांविरुद्ध बोलते आणि स्वतःच यादी सुचवते, असं वाटेल. फरक असा की ही यादी पाठ करायची नसून तपासायची आहे. त्यात 'एरिया', 'डेटा', 'मेथड', 'रिसर्च' हेही शब्द आहेत, म्हणजे इंजिनिअर माणसाचा बराच भाग आधीच झालेला असतो. पेन्सिल घेऊन बसा. जो शब्द पाहून त्याचं एक वाक्य पटकन सुचत नाही, त्यावर खूण करा. माझ्या वर्गात येणाऱ्या इंजिनिअर मुलांच्या खुणा बहुधा दोनशे ते अडीचशेपर्यंत जातात. दहा आठवड्यांचं नवं काम तेवढंच. आठवड्यातले सहा दिवस रोज चार-पाच शब्द.

आता मराठी माध्यमाकडे येते. हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं वर्गात मागच्या बाकावर बसतात, इंग्रजी शाळेतल्यांकडे बघत राहतात. आणि त्यांच्याच खिशात किल्ली असते.

तुम्ही सातवी-आठवीत विज्ञानात काय शिकलात ते आठवा. प्रकाशसंश्लेषण, सहजीवन, उभयचर, परजीवी, परिमिती, तापमापी. हे शब्द पाठ करायला जड गेले असतील, पण प्रत्येक शब्द आपला अर्थ अंगावर घेऊन उभा आहे. आता इंग्रजी शब्द उलगडून शेजारी ठेवा. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे एकत्र जोडणं, संश्लेषण. 'सिम' म्हणजे सह आणि 'बायो' म्हणजे जीवन, म्हणून 'सिम्बायोसिस' हे सहजीवन. 'अ‍ॅम्फी' म्हणजे उभय, म्हणून 'अ‍ॅम्फिबियन' उभयचर. शास्त्रीय संज्ञांचे मराठी प्रतिशब्द घडवणाऱ्यांनी ग्रीक-लॅटिन शब्दांचे सांधे मोकळे करून तिथे संस्कृत तुकडे बसवले. तुम्ही ती जोडणी लहानपणीच गिळली आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला 'फोटोसिंथेसिस' हा एक अख्खा दगड म्हणून मिळाला, तुम्हाला तो फोडलेला मिळाला.

'परिमिती'ची गंमत तर याहून खोल आहे. 'पेरिमीटर'मधला 'पेरि' आणि आपला 'परि' हे भाषांतराने जुळवलेले नाहीत, ते सख्खे भाऊ आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात मांडलं आणि पुढे ते शास्त्र झालं. तुमच्या कामाचं एवढंच: 'इंटर' पाहिला की 'अंतर' आठवा, 'नॉव्ह' पाहिला की 'नव', 'मॉर्ट' पाहिला की 'मृत', 'डेंट' पाहिला की 'दंत', 'पेड' पाहिला की 'पद', 'ग्नो' पाहिला की 'ज्ञा'. 'कॉग्निशन', 'रेकग्नाइझ', 'इग्नोरन्स' या सगळ्यांत तो 'ज्ञ' बसलेला आहे.

एकच धातू जवळून पाहू. लॅटिनमध्ये 'सेड' म्हणजे बसणे, संस्कृतमध्ये 'सद्'. सभेत बसतो तो सभासद. आता इंग्रजीत या. 'सेडिमेंट' म्हणजे तळाशी बसलेला गाळ, आपणही गाळ 'बसला' असंच म्हणतो. 'सेडेंटरी' जीवनशैली म्हणजे बैठं काम. 'सब्साइड' म्हणजे खाली बसणे: पूर ओसरतो, जमीन खचते, वाद शमतो, तिन्हींना हा शब्द चालतो. 'रिसाइड' म्हणजे बस्तान बसवून राहणे. परीक्षेत 'सब्सिडन्स' कधी न पाहिलेला समोर आला आणि भोवती खाणी, भूजल असं काही असेल, तर तुम्हाला डिक्शनरी लागणार नाही.

इथे सावधपणाही हवा. दिसायला सारखे म्हणून सगळेच शब्द भाऊ नसतात. इंग्रजी 'डे' आणि आपला 'दिन' यांचं नातं नाही. आणि मूळ कळलं म्हणजे आजचा अर्थ कळला असंही नाही. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे मोल नसलेला नव्हे, अनमोल. मूळ शब्द लक्षात ठेवायला आणि अंदाज बांधायला मदत करतं, शेवटचा निकाल मात्र वाक्यच देतं.

आता ते सात प्रश्न. माझ्या अनुभवात ते अवघड शब्दांवर जात नाहीत. ते वेषांतरावर जातात. उताऱ्यात एक शब्द असतो आणि प्रश्नात तीच गोष्ट वेगळ्या कपड्यांत येते. ही परीक्षा मुळात तेच तपासते.

सरावाचे छोटे उतारे मी स्वतः इंग्रजीत लिहिते आणि पुण्याबद्दल लिहिते. एक कात्रजच्या पाण्यावर आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरात आणलं, ते शनिवारवाड्याला आणि शहरातल्या सार्वजनिक हौदांना मिळायचं, आणि या कामाला 'कन्सिडरेबल एक्स्पेंडिचर' लागलं, असा त्यात मजकूर आहे. हौदासाठी 'सिस्टर्न' शब्द वापरला आहे. खाली दोन विधानं आहेत, त्यांना ट्रू (बरोबर), फॉल्स (चूक) किंवा नॉट गिव्हन (उताऱ्यात सांगितलेलंच नाही) म्हणायचं.

पहिलं विधान: सामान्य रहिवाशांना या पाण्याचा 'अ‍ॅक्सेस' नव्हता. उताऱ्यात 'ऑर्डिनरी' नाही, 'रेसिडेंट' नाही, 'अ‍ॅक्सेस'ही नाही. मुलं हे तीन शब्द शोधत ओळींवरून बोट फिरवतात, सापडत नाहीत, आणि 'नॉट गिव्हन' लिहितात. उत्तर 'फॉल्स' आहे, आणि ते एका 'पब्लिक' या शब्दात बसलेलं आहे. सार्वजनिक हौद म्हणजेच सामान्य माणसाला पाणी. बदामी हौद, फडके हौद या नावांच्या चौकांतून रोज जाणारी मुलंही इथे चुकतात, कारण ती अर्थ शोधत नसतात, अक्षरं शोधत असतात.

दुसरं विधान: त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही कामावर एवढा खर्च झाला नाही. इथे निम्मा वर्ग 'ट्रू' लिहितो. 'कन्सिडरेबल' म्हणजे बराच, चांगलाच. 'सर्वांत जास्त' असं त्याने कुठे म्हटलं? तुलना उताऱ्यात केलेलीच नाही, म्हणून 'नॉट गिव्हन'. 'कन्सिडरेबल'चा अर्थ विचारला तर हीच मुलं चटकन सांगतात. त्या शब्दाची मजल कुठपर्यंत आहे, हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. 'सम', 'सब्स्टँशियल', 'अनप्रेसिडेंटेड' यांना एका चढणीवर उभं करून पाहा, कोण खाली, कोण वर. 'मे', 'टेंड टू', 'इन्व्हेरिएब्ली' यांनाही तसंच. लेखक 'मे' म्हणतो आणि प्रश्न ठामपणे सांगतो, तेव्हा परीक्षकाने तिथे मुद्दाम खड्डा खणलेला असतो.

इंजिनिअर मुलांना हमखास दगा देणारी आणखी एक जागा म्हणजे कारण-परिणामाची क्रियापदं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. धरण फुटणं 'रिझल्टेड इन' पूर. पूर 'रिझल्टेड फ्रॉम' धरण फुटणं. एका इवल्या शब्दाने बाण उलटा फिरतो. मी मुलांना वहीच्या मधोमध रेघ मारायला लावते. ज्यांच्या डावीकडे कारण असतं ती क्रियापदं एका बाजूला: 'लीड टू', 'ट्रिगर', 'गिव्ह राइझ टू', 'ब्रिंग अबाउट', 'अकाउंट फॉर'. ज्यांच्या डावीकडे परिणाम असतो ती दुसऱ्या बाजूला: 'स्टेम फ्रॉम', 'अराइझ फ्रॉम', 'बी अट्रिब्यूटेड टू'. 'कॉन्ट्रिब्यूट टू'ला वेगळी जागा द्या, कारण त्याचा अर्थ 'हातभार लागला' एवढाच होतो. प्रश्नात 'सोल कॉझ', म्हणजे एकमेव कारण, असं आलं की हातभार लावणारा तिथे पुरत नाही.

मग आहेत ओळखीचे चेहरे, पण वेगळ्या कामावर आलेले. 'अ‍ॅड्रेस अ प्रॉब्लेम'मध्ये पत्ता नाही, प्रश्नाला हात घालणं आहे. 'साउंड एव्हिडन्स'मध्ये आवाज नाही, भक्कम पुरावा आहे. 'नॉव्हेल अप्रोच'मध्ये कादंबरी नाही, नवेपणा आहे. जीवशास्त्रातलं 'कल्चर' हे प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू असतात, 'अरेस्ट' झालेली झीज थांबलेली असते, आणि लेखक आपलं विधान 'क्वालिफाय' करतो तेव्हा त्याला मर्यादा घालत असतो. आपल्याकडे साडीलाही काठ असतो आणि नदीलाही, आपण कधी गोंधळत नाही, कारण शेजारचा शब्द पाहतो. इंग्रजी वाचताना मात्र आपण पहिला अर्थ घट्ट धरून बसतो. ओळखीचा शब्द वाक्यात नीट बसत नसेल तर तोच शब्द शोधून पाहा. पीडीएफमधल्या कुठल्याही शब्दापेक्षा असे वीस शब्द तुम्हाला जास्त गुण देतील.

परिच्छेदाला शीर्षक जुळवायच्या प्रश्नात 'धिस ट्रेंड', 'धिस डिस्क्रिपन्सी', 'सच क्लेम्स' यांच्यावर नजर ठेवा. मागच्या चार ओळींत काय झालं ते लेखक स्वतः एका नामात गुंडाळून देतो. 'डिस्क्रिपन्सी' म्हटलं म्हणजे दोन गोष्टींचा मेळ बसत नाहीये. परिच्छेद नीट कळला नसला तरी हे एक नाम त्याचं पोट उघडं करतं.

वही की अ‍ॅप? आधी कार्डं. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा मोठा कोश चालू आहे. त्याचं काम पत्रिकांवर, म्हणजे सुट्या चिठ्ठ्यांवर, उभं आहे. हजारो वर्षांच्या ग्रंथांतून शब्द उचलताना तो कुठल्या वाक्यात आला तो दाखला पत्रिकेवर उतरवला गेला, अशा लाखो पत्रिका तिथे लावून ठेवलेल्या आहेत. कोशकारसुद्धा दाखल्याशिवाय अर्थ सांगत नाही. आपण का सांगावा?

तेव्हा अप्पा बळवंत चौकातून जाड कार्डशीट घ्या, पत्त्यांएवढी कार्डं कापा. समोरच्या बाजूला शब्द लिहायचा नाही. शब्द जिथे भेटला ते वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रेघ मारा. उदाहरणार्थ, खर्च इतका ____ होता की गावांनी ती पद्धत स्वीकारली नाही. वाक्य अर्थातच इंग्रजीत. मागे शब्द, त्याचे दोन सोबती आणि ज्या वेषांत तो प्रश्नात येऊ शकेल तो वेष. 'प्रोहिबिटिव्ह' असेल तर मागे 'कॉस्ट', 'प्राइस' आणि खाली 'टू एक्स्पेन्सिव्ह टू अडॉप्ट'. मराठी अर्थ लिहायला माझी हरकत नाही, उलट नेमका मराठी शब्द सुचला की अर्थ पक्का झाला असं समजा. 'आवाक्याबाहेरचा' हे 'बंदी घालणारा'पेक्षा किती बरोबर आहे पाहा. पण मराठी अर्थ सगळ्यात शेवटी लिहा, वाक्य आधी. कुटुंबातली बाकी माणसं कोपऱ्यात: 'प्रोहिबिट', 'प्रोहिबिशन', 'प्रोहिबिटिव्हली'.

नव्याने पाठ केलेलं किती झपाट्याने विसरतो, याची मोजदाद हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये मांडली. त्यावर उपाय म्हणजे विसरायच्या बेतात असताना पुन्हा पाहणं. आज केलेलं कार्ड उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पंधरवड्याने. चपलेच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. कार्डावरचा शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, अडलं की परत पहिल्यात. ही खोक्याची पद्धत झेबास्टियान लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये लोकप्रिय केली. मोबाइलवरचं अंकी नावाचं अ‍ॅप हेच काम आपोआप करतं, आणि पहिल्या तीन आठवड्यांनंतर तुम्ही खुशाल तिकडे वळा. सुरुवातीला हाताने लिहा असं म्हणते, कारण वाक्य निवडताना आणि सोबती शोधताना निम्मं शिकणं होऊन जातं. दुसऱ्याने तयार केलेला संच उतरवून घेतलात तर पीडीएफच नव्या रूपात घरी आली.

वाचायचं काय? मुलं इंग्रजी पेपरातले अग्रलेख वाचतात, अभ्यासिकांत त्याचा प्रघातच आहे. स्पर्धा परीक्षांसाठी ते बरोबर असेल. या परीक्षेचे उतारे मात्र पुस्तकं, नियतकालिकं आणि वृत्तपत्रांतले, सामान्य वाचकाला विषय समजावणारे असतात: शेतीचा उगम, झोप, पक्षी, जुनी जहाजं, शहररचना. तेव्हा विज्ञान आणि इतिहासावरचे मोठे लेख वाचा, आणि आठवडाभर एकाच विषयावर वाचा. एक आठवडा फक्त मधमाश्या, पुढचा फक्त पुरातत्त्व. सोमवारी 'पॉलिनेट' अडेल, गुरुवारपर्यंत तो सात वेळा भेटलेला असेल आणि कार्डाची गरजही उरणार नाही. रोज नवा विषय घेतलात तर रोज अनोळखी माणसांतच बसाल. वाचनाचे अभ्यासक म्हणतात की निर्धास्त वाचायला १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. त्याहून जास्त अडत असतील तर तो लेख सध्या बाजूला ठेवा, त्यात कमीपणा नाही.

वाचताना पहिल्यांदा डिक्शनरी बंद. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे जा, परिच्छेद संपला की अंदाज समासात लिहा, मगच शोधा, आणि शोधताना परकीयांसाठी बनवलेली लर्नर्स डिक्शनरी उघडा, कारण तिच्यात सोबतीचे शब्द आणि वाक्यं असतात. वनाजहून रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत माझी एक विद्यार्थिनी रोज एक लेख संपवायची. मोबाइलवर लेख, हातात पेन्सिल आणि छोटी वही. तिचे अंदाज पहिल्या आठवड्यात दहातले तीन बरोबर यायचे, महिन्याभरात सात यायला लागले. परीक्षेत डिक्शनरी नसते, हा अंदाजच सोबत येतो, म्हणून त्याचा सराव वेगळा करायला हवा.

स्पेलिंगचं एकदा सांगून सोडते. रिकाम्या जागा भरायच्या बहुतेक प्रश्नांत शब्द उताऱ्यातूनच उचलायचा असतो. स्पेलिंग चुकलं किंवा अनेकवचनाचा 'एस' राहिला की गुण गेला, आणि 'नो मोर दॅन टू वर्ड्स' असताना तीन लिहिले तरी गेला. आपण बरेच शब्द कानाने शिकतो आणि मनात देवनागरीत साठवतो, म्हणून ही चूक आपल्याकडे जास्त होते. उतरवताना अक्षरांकडे बघून उतरवा. रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. साठ मिनिटांतच उत्तरपत्रिका भरायची आहे.

दहा आठवड्यांपैकी पहिले तीन आठवडे पेपर सोडवणं जवळपास बंद ठेवा, फक्त वाचन आणि कार्डं. चौथ्या आठवड्यापासून दर शनिवारी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर. शेवटच्या आठवड्यात नवं कार्ड करू नका, जुनी फिरवा.

शनिवारचा पेपर तपासलात की खरं काम रविवारी आहे. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एका शब्दात कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, वेष ओळखला नाही, मजल चुकली, बाण उलटा धरला, की वेळ संपला. तुमच्या बाबतीत 'शब्द माहीत नव्हता' हे कारण किती वेळा येतं ते मला बघायचं आहे. पहिल्या तीन पेपरांचा हा हिशेब झाला की तो मला पाठवा, त्यावरून पुढचे चार आठवडे कशावर घालवायचे ते ठरवू.